तिच्या बेटाचा गव्हर्नर

माझी मैत्रीण अमेरिकन पासपोर्टवर दुबईत नोकरी करते, पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिला मत देता येत नाही. हे मला कळलं ते एका सकाळी, शारजातून दुबईत शिरताना, अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी तिची होती, मी शेजारी बसले होते. रेडिओवर अमेरिकेतल्या निवडणुकीची चर्चा चालली होती. मी सहज विचारलं, "मग, तू कुणाला देणार मत?"

"कुणालाच नाही. आम्हाला तो अधिकार नाही."

मला वाटलं, मस्करी करतेय. पण ती मस्करी नव्हती. तिचं गाव म्हणजे पॅसिफिक महासागरातलं एक छोटं बेट. शंभरेक वर्षांहून जास्त काळ ते अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथल्या माणसांना पासपोर्ट मिळतो, सैन्यात भरती व्हायला बोलावणं येतं, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बेटाला मत नाही.

"मग तुम्ही निवडता तरी काय?"

"आमचा गव्हर्नर. आणि आमचे आमदार. तेवढं आमचं आहे," ती म्हणाली आणि समोरच्या व्हॅनवाल्याला जोरात हॉर्न दिला. "आणि तेवढं मी कुणाला सोडणार नाही."

आम्ही दोघी दुबईतल्या अल मनखूलमध्ये एका रिहॅब क्लिनिकमध्ये काम करतो. मी फिजिओथेरपिस्ट, ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अर्धांगवायू झालेल्या माणसाला मी उभं करते, चालवते. ती त्याला शर्टाचं बटण लावायला, चमचा धरायला, आपल्या हाताने दात घासायला पुन्हा शिकवते. राहायलाही आम्ही शारजातल्या एकाच टॉवरमध्ये. माझ्याकडे नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. ती माझ्या दोन मजले खाली, एकटी. उंच, धिप्पाड, मोठ्याने हसणारी बाई. सुट्टीच्या दिवशी फुलाफुलांचा लांब पोशाख घालून, कानामागे फूल खोवून चर्चला निघाली की लिफ्टमधली पोरं तिच्याकडे बघत राहायची आणि ती त्यांना डोळा मारायची.

त्याच सुमाराला बेटावरही निवडणूक होती, आणि तिचं हिला एवढं का पडलंय हे तिने मला त्याच आठवड्यात सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही क्लिनिकच्या पॅन्ट्रीत बसलो होतो. आदल्या वर्षी तिच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. बेटावर एकच हॉस्पिटल. तिथल्या लोकांनी वडिलांचा जीव वाचवला, पण पुढे त्यांना चालवायला, हात हलवायला शिकवणारं अख्ख्या बेटावर कुणी नव्हतं. त्यासाठी समुद्र ओलांडून विमानाने कित्येक तास लांब जावं लागतं. वडिलांची तब्येत तेवढा प्रवास झेपण्यासारखी नव्हती. ती रजा घेऊन गेली, जमेल तेवढे दिवस तिने स्वतः त्यांचे व्यायाम घेतले आणि रजा संपल्यावर परत आली. नंतर काही महिन्यांनी वडील गेले.

"इथे मी रोज दुसऱ्यांच्या वडिलांना चमचा धरायला शिकवते," ती म्हणाली. "माझे वडील शेवटपर्यंत माझ्या आईच्या हातून जेवले."

त्या हॉस्पिटलातल्या ज्या नर्सने वडिलांची शेवटपर्यंत सेवा केली, ती आता आमदारकीला उभी होती. आणि गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराने जाहीर सांगितलं होतं, मी निवडून आलो तर हॉस्पिटलात रिहॅबचा वॉर्ड काढीन. जुन्या गव्हर्नरचं म्हणणं होतं, एवढ्याशा बेटाला असली चैन परवडत नाही.

"चैन!" ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने जेवणं म्हणजे चैन."

तिचं नाव अजून बेटाच्या मतदारयादीत होतं आणि पोस्टाने मत द्यायची सोय होती. इथे घरी पोस्ट येत नाही, सगळं क्लिनिकच्या पोस्टबॉक्समध्ये येतं. ती रोज रिसेप्शनला विचारायची. रिसेप्शनवरची मुलगी रोज म्हणायची, "इन्शाल्ला, उद्या." निवडणूक आठवड्यावर आली तरी मतपत्रिका आली नाही. तिने बेटावरच्या निवडणूक ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही पाठवली आहे, आता दुसरी पाठवली तरी वेळेत पोचणार नाही. स्वतः आलात तर मात्र देता येईल.

मी म्हटलं, "गेलं मग या वेळचं."

"का गेलं?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना, या म्हणून."

त्या बेटावर विमान रोज जात नाही, आठवड्यातून दोनदाच जातं. ते गाठायचं तर तिला दुसऱ्याच दिवशी दुबई सोडावी लागणार होती. ती तशीच उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. जाताना मला म्हणाली, "तूही चल. मला राग आला तर हात धर."

आमचे मॅनेजर पुण्याचे. माणूस कामाला पक्का, पण रजेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो. तिचं बोलणं ऐकून आधी ते हसलेच. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अहो मॅडम, समजवा तुमच्या मैत्रिणीला. आपल्याकडे महापालिकेच्या एका वॉर्डात जेवढी माणसं, तेवढी त्यांच्या अख्ख्या बेटावर. त्याचा काय गव्हर्नर आणि त्याचं काय इलेक्शन! एका मताने काय फरक पडणार आहे?"

तिला मराठी येत नाही, पण गव्हर्नर, इलेक्शन आणि त्यांचं हसणं एवढं तिला पुरलं. ती शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "सर, आमचं बेट लहान आहे म्हणूनच एका मताने फरक पडतो."

मॅनेजर सरळ बसले. "हे बघा, दोन थेरपिस्ट आधीच सुट्टीवर आहेत. तुमचे पेशंट कोण बघणार?"

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मीच बोलले, "मी बघेन."

"तुम्ही फिजिओ आहात."

"हाताचे व्यायाम मला येतात. नवीन पेशंट घेणार नाही, पण तिने ठरवून दिलेलं काम पुढे चालवेन. माझी वेळ संपल्यावर थांबेन."

त्यांनी कॉम्प्युटरवर रजेचा तक्ता उघडला. मग म्हणाले, "दहा दिवस. त्याच्यापुढे एक दिवस नाही. खलास."

घरी हे सांगितल्यावर नवरा वैतागला. दिवाळी तोंडावर, बिल्डिंगमधली मराठी कुटुंबं फराळाला जमायची होती, आणि मी दुसऱ्याच्या निवडणुकीसाठी ओव्हरटाइम करणार! "तुझा काय संबंध?" तो म्हणाला. "आपण आपल्या देशात तरी कधी मत दिलंय का? वीस वर्षं झाली इथे."

मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "एक्झॅक्टली, मम्मा. वुई डोन्ट व्होट एनीव्हेअर. वुई आर जस्ट रेसिडेंट्स."

मी स्वयंपाकघरात गेले. पण चकल्यांचं पीठ मळताना ते वाक्य डोक्यातून जाईना. माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. मत देताना तिने आम्हाला कधी बघितलंच नव्हतं. मी तिला काय सांगणार होते?

मैत्रीण गेली. मी तिचे पेशंट घेऊ लागले. तिचं काम किती चिवट असतं ते मला तेव्हा कळलं. माझ्या कामात माणूस एक पाऊल टाकतो आणि सगळ्यांना दिसतं. तिच्या कामात एखादा माणूस महिनाभर एका बटणाशी झगडतो. तिचे एक पेशंट होते, निवृत्त इंजिनिअर, नागपूरकडचे. उजव्या हाताने चमचा उचलायचे, तो तोंडापाशी येईपर्यंत त्यातला भात सांडायचा. मी भरवायला पुढे झाले की डोळे वटारायचे. "ती भरवत नाही," म्हणायचे. "ती नुसती बसून राहते." मग मीही हात मांडीवर ठेवून बसायला शिकले.

बेटावर मंगळवारी मतदान झालं तेव्हा आमचा बुधवार उजाडला होता. ते आमच्या किती तरी तास मागे. तिकडची मतदानाची वेळ संपली तेव्हा मी क्लिनिकमध्ये पोचत होते. तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडे आरवत होते, पोरं ओरडत होती. "दिलं! दोन्ही मतं दिली! पोस्टाचं पाकीट मिळालं नाही असं शपथेवर सांगावं लागलं. ऑफिसातली बाई माझ्या शाळेतली निघाली. म्हणाली, तू दुबईहून आलीस? मी म्हटलं, शारजाहून. दुबई आणखी पुढे आहे." आणि मग तिचं ते मोठ्ठं हसणं.

दुपारपर्यंत निकाल यायला लागले. मी दोन पेशंटच्या मधे पॅन्ट्रीत जाऊन फोन बघायची. गंमत म्हणजे मुलीचे मेसेज माझ्या आधी येत होते. कॉलेजात लेक्चर चालू असताना ती त्या बेटाच्या रेडिओचं पेज उघडून बसली होती. "नर्स इज बिहाइंड," तिने लिहिलं. थोड्या वेळाने, "नर्स लॉस्ट, मम्मा. व्हेरी क्लोज."

नर्स हरली. तिच्यासमोर बेटावरच्या एका जुन्या, वजनदार घराण्यातला माणूस होता आणि तोच आला. आणि गव्हर्नर? कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नव्हती. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या दोघांमध्ये पुन्हा निवडणूक व्हायची होती. जुना गव्हर्नर आणि वॉर्डवाला उमेदवार, दोघंच. दोन आठवड्यांनी.

तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं, रडत असेल. अजिबात नाही. आवाज चढलेला. "मी थांबतेय," ती म्हणाली.

"अगं, दहाच दिवस म्हणाले होते."

"मला माहीत आहे. मी त्यांना फोन करणार आहे. पण तुला आधी विचारते. तुला जमेल?"

माझी कंबर दुखत होती. घरात दिवाळीचा फराळ अर्धा झाला होता. मी म्हटलं, "थांब. इकडचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिचा फोन येऊन गेला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला की मी सावध होते.

"तुमचं काम मी बघतोय," ते म्हणाले. "पेशंट खूश आहेत. मी विचार करतोय की हे पेशंट कायमचे तुमच्याकडे द्यावेत. पगारातही बघू काहीतरी. सोमवारपर्यंत त्या बाई आल्या नाहीत तर मी त्यांना नोटीस देतो. नवीन माणूस येईपर्यंत तुम्ही सांभाळा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नाही का म्हणाल? तुमचा फायदाच आहे यात."

मी वीस वर्षं या देशात नोकरी केली आहे. इथे माणूस नोकरीवर असतो तोवर त्याचा व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर, घर आहे तोवर मुलीचं कॉलेज. हे आम्ही सगळे न बोलता ओळखून असतो आणि म्हणून केबिनमध्ये शिरलो की आमच्या मानेला आपोआप होकार फुटतो. त्या दिवशीही मान हलणारच होती. पण समोरच्या काचेतून ते नागपूरचे काका दिसत होते. ते माझी वाट बघत एकटेच चमच्याशी झगडत बसले होते.

"सर," मी म्हटलं, "ती येईपर्यंत मी तिचे पेशंट बघेन. सगळे, रोज, एकही न चुकवता. पण तुम्ही तिला काढलंत तर त्या दिवसापासून मी त्यातला एकही पेशंट घेणार नाही. मी फिजिओ आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"ही धमकी आहे का?"

"नाही सर. आधी सांगून ठेवतेय. नंतर तुमची गैरसोय नको."

चहा तसाच राहिला. मी बाहेर आले. रोज दुसऱ्यांच्या पायात बळ आणणारी मी, भिंतीला धरून चालत काकांपर्यंत गेले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं आता तो भडकणार. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "तुला काढलं असतं तर?"

"तर शारजाच्याही पुढे, अजमानला लहान घर घेऊन राहिलो असतो. लोक राहत नाहीत का?"

"तिथून ट्रॅफिक किती लागेल माहितेय ना?" असं म्हणून तो उठला आणि उरलेले शंकरपाळे तळायला घेतले. भांडण तिथेच संपलं.

सोमवार आला, गेला. नोटीस निघाली नाही. मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. रिसेप्शनवरची मुलगी मात्र मी दिसले की मूठ उंचावून "यल्ला!", म्हणजे चल पुढे, म्हणायची.

बेटावर ती आता नुसती थांबली नव्हती. हरलेली नर्स आणि ती, दोघी जुन्या पिकअपमधून वाडीवाडीत फिरत होत्या. ती मला फोटो पाठवायची. कुठे झाडाखाली चटईवर म्हाताऱ्या बसल्यात, कुठे ही उभी राहून हातात चमचा धरून दाखवतेय. ती भाषण करायची नाही. ती म्हणायची, तुमच्यापैकी कुणाच्या घरात पॅरालिसिसचं माणूस पलंगावर आहे? हात वर करा. बेट लहान. प्रत्येक घरातून एक तरी हात वर व्हायचा. मग ती म्हणायची, आता सांगा, ही चैन आहे का?

दुसऱ्या फेरीत वॉर्डवाला उमेदवार निवडून आला. फरक थोडाच होता, पण आला. त्या दुपारी आमच्या पॅन्ट्रीत मी ओरडले तेव्हा दोन पाकिस्तानी वॉर्डबॉय आणि एक फिलिपिनो नर्स धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "आपला गव्हर्नर आला!" त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती परत आली ती माझ्यासाठी शंखशिंपल्यांची माळ आणि मॅनेजरसाठी खोबऱ्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन. मॅनेजरनी डबा ठेवून घेतला, जास्तीच्या दिवसांचा पगार कापला, आणि पुढच्या वर्षी तिला मिळायची होती ती सीनियर थेरपिस्टची जागा दुसऱ्याला दिली. मला फार लागलं. तिला विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण परत तशी वेळ आली तर परत जाईन."

त्यानंतर एका शुक्रवारी दुपारी मी मुलीला म्हटलं, "तुझा लॅपटॉप दे." परदेशात राहणाऱ्या भारतीयांना आपलं नाव गावच्या मतदारयादीत घालता येतं, हे मी वर्षानुवर्षं ऐकून होते. पासपोर्टवर जो पत्ता आहे तिथे. फक्त मत द्यायला स्वतः जावं लागतं. मुलगी शेजारी बसली, मी अडले तिथे तिने क्लिक करून दिलं. शेवटी म्हणाली, "विल यू ॲक्च्युअली गो?" मी म्हटलं, "मराठीत विचार." ती हसून म्हणाली, "खरंच जाशील?"

"खरंच जाईन."

पुढे आमच्याकडे निवडणूक आली तेव्हा मी रजा मागायला केबिनमध्ये गेले. मॅनेजरनी कपाळाला हात लावला. "आता तुम्हीसुद्धा?" माझे पेशंट कोण बघणार, हे त्यांनी विचारायच्या आत माझी मैत्रीण दारातून म्हणाली, "मी, सर."

ठाण्यातल्या एका शाळेत माझं केंद्र होतं. आमच्या जुन्या सोसायटीतल्या बायका रांगेत भेटल्या. एक म्हणाली, "एवढ्यासाठी दुबईहून आलीस? हौसच म्हणायची!" आत टेबलावरच्या गुरुजींनी यादी वर-खाली पाहिली आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही यात."

"शेवटी वेगळा भाग असतो, परदेशातल्या मतदारांचा. तिथे बघा."

"असं काही नसतं हो. मागे लाइन आहे, बाजूला व्हा."

"मी बाजूला होणार नाही," मी म्हटलं आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. "तुम्ही शेवटचं पान उघडा. मी उभी आहे."

मागे कुजबुज झाली. कुणी तरी म्हणालं, "अहो, येऊ द्या की पुढे." मी हलले नाही. त्यांच्या साहेबांनी येऊन यादी हातात घेतली, शेवटचं पान उघडलं. त्या भागात एकच नाव होतं. माझं. साहेबांनी ते पुन्हा एकदा वाचलं, पासपोर्टशी ताडून पाहिलं आणि मला खुर्ची देऊ केली. मी म्हटलं, "खुर्ची नको, शाई लावा."

मी ज्याला मत दिलं तो पडला. सोमवारी क्लिनिकमध्ये मॅनेजरनी माझ्या बोटाकडे बघून विचारलं, "मग, आला का तुमचा माणूस?"

"नाही."

"बघा. मी सांगत होतो."

"पुढच्या वेळची रजा आत्ताच सांगून ठेवू का सर?" मी विचारलं.

तिच्या बेटावर वॉर्ड अजून झालेला नाही. जागा ठरली आहे, काम अडलंय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, क्लिनिकमधून घरी जाताना, ती गाडी पार्किंगमध्येच उभी ठेवते आणि गव्हर्नरच्या ऑफिसला फोन लावते. तिकडे तेव्हा पहाट असते, कुणी उचलत नाही, म्हणून ती निरोप ठेवते. आपलं नाव, गावाचं नाव, आणि वॉर्डचं कुठवर आलं हा प्रश्न. मागच्या महिन्यात मी म्हटलं, "तिकडे दिवस असताना कर की, कुणी तरी उचलेल."

"दिवसाही करते," ती म्हणाली आणि गाडी चालू केली. "हा निरोप त्यांनी सकाळी आल्या आल्या ऐकायला."